होणाऱ्या सासऱ्याची बांय

अंकाच्या संपादकांचा निरोप आला की यंदा तरुण शास्त्रज्ञांसाठी काहीतरी लिहा. विज्ञान शिकलेल्या मुलांनी पुढे कुठली वाट धरावी, नीतीचे प्रश्न आले तर काय करावं, असं मार्गदर्शनपर. मार्गदर्शन हा शब्द वाचूनच मला जांभई आली. मी सगळं आयुष्य डिचोलीच्या एका लहानशा प्रयोगशाळेत लोकांच्या विहिरींचं पाणी तपासण्यात घालवलं. मला कोणी शास्त्रज्ञ म्हटलं नाही. म्हटलं ते ‘लॅबातली बाय’. तेव्हा मार्गदर्शन राहू दे. माझ्या हाताखाली काम केलेल्या एका मुलाची गोष्ट सांगते. त्यात नीतीचे प्रश्न भरपूर आहेत आणि एक लग्नही आहे.

आमची प्रयोगशाळा एका औषधाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होती. मालक पणजीला राहायचे आणि कधीतरी चक्कर टाकून ‘सगळं ठीक?’ विचारून जायचे. बाकी कारभार माझ्याकडे. खाणीवाले, हॉटेलवाले, सोड्याच्या बाटल्या भरणारे, घर बांधणारे, सगळ्यांचं पाणी यायचं. आणि कशाकशातून यायचं! पेडण्याचे एक गृहस्थ फेणीच्या बाटलीतून पाणी घेऊन आले. बाटली उघडली आणि आमची भांडी धुणारी बाई खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. दुसऱ्या एक बाई विहिरीचं पाणी फडक्यातून गाळून, वर उकळून घेऊन आल्या. म्हणाल्या, “तुमच्याकडे द्यायचं म्हणून जरा बरं करून आणलं.” पाहुण्यांसमोर पोराला तोंड धुऊन उभं करतात, तसं त्यांनी पाण्याला उभं केलं होतं. त्यांना परत पाठवताना मलाच वाईट वाटलं.

तो काळ गोवा राज्य नवं नवं झालेला. भाषेचा वाद तर घराघरात. एकाच घरात बाप मराठीचा आणि मुलगा कोंकणीचा, जेवायला बसले की आमटीपेक्षा वाद तिखट. आमचे रिपोर्ट मात्र इंग्रजीत निघायचे आणि दोन्हीकडचे लोक ते निमूट घेऊन जायचे. वाचता येत नसल्यामुळे भांडणाला जागाच नव्हती. मग जिन्यावरून परत वर यायचे आणि विचारायचे, “बाय, पण पाणी बरां असा ना?”

सांगायचं तर, पाणी तपासणं ही दोन वेगळी कामं आहेत. एक रसायनांचं. पाणी जड आहे का, खारट किती, लोखंड किती. ते त्याच दिवशी होतं. दुसरं जंतूंचं. ते थांबून करावं लागतं. जांभळ्या रंगाच्या रसात थोडं थोडं पाणी घालायचं, त्या नळ्या अंगाला ऊब लागेल एवढ्या गरम पेटीत ठेवायच्या आणि दोन दिवस वाट पाहायची. रस जांभळाच राहिला तर पाणी चांगलं. पिवळा झाला आणि आतल्या लहान नळीत हवेचा बुडबुडा धरला, तर माणसाच्या किंवा गुराच्या पोटातले जंतू त्या पाण्यात पोचले आहेत असा संशय. मग आणखी एक परीक्षा घेऊन तो पक्का करायचा. सरळ मराठीत, विहिरीत कुठून तरी संडासाचं पाणी झिरपतंय.

अशा जागी सुबोध आला. पेडण्याजवळच्या गावचा, रसायनशास्त्रात एम.एस्सी., पहिल्या वर्गात. पहिल्या दिवशी पांढरा कोट इस्त्री करून आणला होता. आमच्याकडे कोटाला इस्त्री असते हे मला तेव्हाच कळलं. नळ्यांची पेटी, जुना तराजू, कोपऱ्यात ठेवलेल्या बाटल्या त्याने नजरेखालून घातल्या आणि विचारलं, “मॅडम, इथे रिसर्चला वाव आहे?”

“आहे की,” मी म्हटलं. “काल एकाने पाणी आणलंय, त्याला चहासारखा वास येतो. का येतो ते शोध.”

त्याने दोन दिवस शोधलं. गिऱ्हाइकाने थर्मासमधून पाणी आणलं होतं.

पण मुलगा कामाला चोख होता. हात स्थिर, डोळा बारीक. फक्त पुढच्या वाटांचा विचार त्याच्या डोक्यात सारखा घोळत असायचा. कधी पुण्याला जाऊन पीएच.डी. करायची. कधी कॉलेजात शिकवायचं. कधी खाणीच्या कंपनीत जायचं, कारण तिथे पगार बरा आणि न्यायला जीप येते. दुपारच्या डब्याला रोज एक वाट ठरायची आणि चहाला मोडायची. मी म्हणायची, “तू आधी पिपेट नीट धू. वाट कुठे पळून जात नाही.”

त्यात त्याचं लग्न ठरलं. मुलगी हरमलची, सुषमा. बालवाडीत शिकवायची. तिचे वडील दत्ताराम, सगळे त्यांना दत्तारामबाब म्हणत, सुबोध भाऊ म्हणायचा. समुद्राच्या अंगाला माडांत त्यांचं घर. पूर्वी होडी होती. मग गोरे लोक यायला लागले तशी त्यांनी होडी विकली आणि परसात भाड्याच्या खोल्या बांधल्या. माणूस दिलदार, मोठ्या आवाजाचा, आपल्या गोष्टींचा अभिमान असलेला. आपला फणस, आपली म्हैस, आपली बांय. बांय म्हणजे विहीर. “आमच्या बांयचां पाणी म्हणजे अमृत,” हे वाक्य साखरपुड्यात मी स्वतः तीनदा ऐकलं. आजूबाजूच्या दोन-तीन घरांचं पाणीही तिथूनच जायचं.

खोल्यांना परवाना हवा तर पाण्याचा रिपोर्ट लागेल, असं त्यांना कोणीतरी सांगितलं. दत्तारामबाब खूश. होणारा जावईच पाणी तपासणारा! रिपोर्ट म्हणजे घरचंच काम.

सुबोध स्वतः पाणी आणायला हरमलला गेला. पाण्याचा नमुना घेण्याची एक रीत असते. बाटली आधी उकळून निर्जंतुक केलेली, झाकणाच्या आत बोट लावायचं नाही, बाटलीचं तोंड ज्योतीवर धरायचं, वगैरे. एरवी तो हे सगळं पाच मिनिटांत उरकायचा. पण त्या दिवशी सासुरवाडी बघत होती. त्याने स्पिरिटचा दिवा पेटवला, वाऱ्याने तो विझला, परत पेटवला. शेजारपाजारचे जमले. कोणीतरी विचारलं, पूजा कसली? सुषमा दाराआड हसून लाल. शेवटी बाटली बर्फाच्या डब्यात ठेवली तेव्हा दत्तारामबाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. आंब्याचा रस, तळलेली सुंगटां म्हणजे कोळंबी, आणि येताना एक फणस. हे सगळं सोमवारी त्याने मला इतक्या आनंदाने सांगितलं की मी त्याला टोकायचं विसरले. टोकायला हवं होतं ते असं, की आपल्या माणसांचा नमुना आपण तपासू नये.

दोन दिवसांनी सकाळी मी आले तर तो पेटीपुढे उभा. एकेक नळी उजेडात धरत होता. सगळ्या पिवळ्या. आणि प्रत्येकीत बुडबुडा, अगदी मोत्यासारखा.

“माझ्याकडून काहीतरी चुकलंय,” तो म्हणाला.

“असेल.”

“दिवा विझला होता ना. वारा होता. माणसं जमली होती.”

“मग परत आण.”

परत आणलं, या वेळी कोणाला न जमवता. परत पिवळं. मग मी त्याला बाजूला केलं. भांडी धुणाऱ्या बाईकडून त्या दिवशीच्या सगळ्या बाटल्यांवरची नावं झाकून नुसते आकडे चिकटवून घेतले आणि परीक्षा स्वतः केली. सोड्याच्या कारखान्याचं पाणी होतं, सर्वणच्या शाळेचं होतं, एक हरमलचं, नव्याने आणवलेलं, होतं. कुठली बाटली कुणाची ते मला माहीत नव्हतं. सुबोधलाही नव्हतं. जांभळ्या नळ्यांच्या रांगेत एकच ओळ पिवळी झाली. कागद काढून नाव बघायची गरजच पडली नाही. पक्क्या परीक्षेतही तेच आलं.

पाणी बिघडण्याचं कारण सुबोधला ठाऊक होतं. दुसऱ्या खेपेला त्याने परसात फिरून पाहिलं होतं. नव्या दोन खोल्यांच्या संडासाचा शोषखड्डा बांयच्या वरच्या अंगाला खणला होता, केळीच्या पलीकडे. हरमलची रेताड जमीन. तिथे पाण्याला वाट विचारावी लागत नाही.

त्या दुपारी त्याने डबा उघडला नाही. मग म्हणाला, “मॅडम, एक विचारू? रागावू नका.”

“विचार.”

“त्यांनी कुठल्या परीक्षा हव्यात ते सांगितलेलंच नाही. आपण रसायनांचा रिपोर्ट दिला तर? जडपणा, क्षार, लोखंड. सगळं उत्तम आहे. एक अक्षर खोटं नाही. जंतूंच्या परीक्षेबद्दल त्यात काही लिहायचंच नाही. आणि मी सासऱ्यांना तोंडी सांगीन की खड्डा जरा लांब न्या. हळूहळू. लग्न झाल्यावर.”

इथे वाचक म्हणतील, बाईंनी आता खडसावलं असणार. मी खडसावलं नाही. कारण तो काही लबाड नव्हता. मी असे रिपोर्ट पाहिले आहेत, मोठमोठ्या शिक्क्यांचे, ज्यांत एक अक्षर खोटं नसतं. विज्ञान शिकलेल्या माणसाला खोटं लिहायचा मोह फारसा होत नाही. त्याला मोह होतो तो थोडंसं खरं लिहून थांबायचा. तिथे पायाखाली जमीन पक्की वाटते आणि माणूस बुडत जातो.

मी एवढंच म्हटलं, “तो रिपोर्ट पंचायतीत लागेल. शेजारीण बघेल की बांय पास झाली. ती काय समजेल?”

त्याने बंद डबा बाजूला सरकवला.

“मी सही करते,” मी म्हटलं. “परीक्षा मीच केली आहे. तू रजा टाक, पेडण्याला घरी जा. रिपोर्ट लॅबातल्या बायने दिला, तुझा काही संबंध नाही.”

त्याने कोटाच्या खिशातून पेन काढलं आणि परत ठेवलं. “सही तुमचीच हवी, नातं माझं आहे म्हणून. पण मी रजा टाकणार नाही. ते न्यायला येतील तेव्हा मी इथे असेन.”

मग त्याने तासभर बसून सासऱ्यांना सांगायची वाक्यं तयार केली. मला वाचून दाखवली. पहिलं होतं, ‘पाण्यात किंचित जैविक अडचण आढळली.’ दुसरं, ‘आरोग्याच्या दृष्टीने सुधारणेस वाव आहे.’ मी विचारलं, “हे विहिरीबद्दल आहे की शाळेच्या प्रगतिपुस्तकातलं?” तो हसला. त्या आठवड्यात पहिल्यांदाच हसला असेल.

दत्तारामबाब शुक्रवारी आले. म्हापशाच्या बाजारात लग्नाची खरेदी होती, तिथून डिचोलीच्या बसने थेट आमच्याकडे. बरोबर सुषमा, हातात साड्यांच्या पिशव्या. दत्तारामबाबांनी माझ्या टेबलावर केळ्यांचा घड ठेवला आणि खुर्चीत बसून रुमालाने मान पुसली.

“बाय, झाला मां काम?”

मी रिपोर्ट त्यांच्यापुढे ठेवला. इंग्रजी बघून त्यांनी तो सुबोधकडे सरकवला. “वाच रे. मोठ्यान वाच. सुषमाक पण आयकांदी.”

सुबोधने कागद हातात घेतला. तयार केलेल्या वाक्यांपैकी एकही त्याला आठवलं नसावं. कागदाकडे न बघताच तो म्हणाला, “भाऊ, पाणी पिण्यासारखं नाही. नव्या संडासाचं पाणी बांयत झिरपतंय.”

दत्तारामबाब आधी हसले. त्यांना वाटलं जावई मस्करी करतोय. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

“कोणाची बांय? आमची?” आवाज चढला. खाली औषधाच्या दुकानात ऐकू गेला असणार. “माझ्या बापाशीन खणलली बांय ती! आम्ही सगळी त्या पाण्यार वाडलांव. आजपर्यंत कोणाक काय झालां? आणि तू, जेच्या हातात मी माझां चेडू देतंय, तू माझ्या बांयत घाण काढतंस?”

“घाण मी काढली नाही, भाऊ. होती ती दिसली.”

हे वाक्य बरोबर होतं, पण सासऱ्याला म्हणायचं नव्हतं. दत्तारामबाब उठले. रिपोर्टाची घडी करून खिशात घातला. “ह्यां कोणाक दाखवूची गरज नाय. कळलां? लॅबात दिलेलां लॅबात रवता.”

आणि यात ते चुकीचे नव्हते. गिऱ्हाइकाचा रिपोर्ट गिऱ्हाइकाचा. आम्ही गावात जाऊन दवंडी पिटू शकत नव्हतो. आमच्या धंद्यातला हा सगळ्यात अवघड कोपरा. तुम्हाला कळलेलं असतं, आणि ज्यांना कळायला हवं त्यांना तुम्ही सांगू शकत नाही. सुबोध म्हणाला, “मी कोणाला सांगणार नाही, भाऊ. पण तुम्ही सांगायला हवं. शेजारच्या घरात लहान मुलं आहेत.”

“चल गो,” दत्तारामबाब मुलीला म्हणाले आणि जिना उतरले. केळी टेबलावरच राहिली.

सुषमा क्षणभर थांबली. तिने मला विचारलं, सुबोधला नाही. “बाई, उकळून प्यालं तर चालेल?”

“चालेल. चांगलं खळखळून उकळायचं. पण खड्डा हलवायला हवा.”

तिने मान हलवली, पिशव्या उचलल्या आणि गेली.

पुढचं मला नंतर कळलं, पण कळलं ते तिच्याच तोंडून. घरी पोचल्यावर तिने साड्या खाटेवर टाकल्या, सरळ बांयवर गेली, कप्पीवरचा दोर सोडवला आणि कळशीसकट घरात आणून ठेवला. शेजारीण घागर घेऊन आली. दोर कुठे? सुषमाने सांगितलं, “वैनी, पाणी बरं नाही. खड्ड्याचं पाणी मुरतंय. आम्हीसुद्धा वरच्या वाड्यावरून आणणार.” झालं. दत्तारामबाब वाटेत थांबून घरात शिरेपर्यंत वाड्यावर बातमी पसरली होती. रिपोर्ट त्यांच्या खिशातच होता.

ते मुलीला एक शब्दही बोलले नाहीत. तिच्यावरचा राग त्यांनी सुबोधवर काढला. निरोप आला की लग्न तूर्त थांबवलंय. तूर्त म्हणजे केव्हापर्यंत, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

गोष्ट म्हापशाच्या बाजारातून बसने सगळीकडे गेली, आणि प्रत्येक स्टॉपवर वाढली. पेडण्याला पोचेपर्यंत जावयाने सासऱ्याला तुरुंगात घालायची धमकी दिली होती. हरमलकडून आमच्याकडे पाणी येणंच बंद झालं. ज्यांच्या खोल्या होत्या ते म्हणायचे, त्या लॅबात नको, तिथे स्वतःच्या सासऱ्याला सोडत नाहीत. मालक पणजीहून आले, ‘सगळं ठीक?’ विचारलं, आणि या वेळी उत्तराची वाट पाहिली. मी सांगितलं. ते म्हणाले, “बरोबर केलंत.” मग जिन्यात थांबून, “पण जरा गोड बोलता आलं नसतं का?” मी म्हटलं, “गोड बोलायची वाक्यं तयार होती हो. ऐन वेळी आठवली नाहीत.”

सुबोध कामावर यायचा, पण वाटांची चर्चा बंद झाली होती. एकदा म्हणाला, “मॅडम, खरं सांगून उपयोग होतो का हो?”

मी त्याला रविवारी सर्वणला आमच्या घरी जेवायला बोलावलं आणि जेवणानंतर मागच्या शेतांकडे नेलं. वरच्या खाणीच्या डोंगरावरून पावसात उतरलेला लाल गाळ तिथे थरावर थर बसला होता. त्या शेतांच्या पाण्याचे आणि मातीचे रिपोर्ट मी दिले होते, पूर्ण दिले होते, काही गाळलं नव्हतं. शेतकऱ्यांनी ते जिथे द्यायचे तिथे दिले. बैठका झाल्या. चहा झाला. गाळ तिथेच होता. मी त्याला म्हटलं, “दर वेळी उपयोग होत नाही. हे तुला आत्ताच दिसू दे, नाहीतर पुढे तुला वाटेल की आपणच कुठे कमी पडलो.” त्या गाळाची खंत मला अजून आहे. ती काही मी इथे गोड करून सांगणार नाही.

या सगळ्याच्या आधी सुबोधने एका नोकरीचा अर्ज केला होता. खाणीचा लोखंडी माल जहाजात भरतात तेव्हा त्यात लोखंड किती टक्के यावरून भाव ठरतो. विकणाऱ्याची प्रयोगशाळा जास्त सांगते, घेणाऱ्याची कमी. म्हणून मध्ये पंच म्हणून तिसरी एक संस्था माल तपासते आणि तिचा आकडा दोघं मानतात. अशा एका संस्थेच्या बंदरावरच्या प्रयोगशाळेत जागा होती. मुलाखतीला बोलावणं आलं. गेला. परत आला तो पडलेल्या चेहऱ्याने.

“गेली नोकरी,” म्हणाला.

“काय झालं?”

“रसायनशास्त्राचं एकच विचारलं. मग त्यांचे मोठे साहेब म्हणाले, हरमलला सासऱ्याची विहीर नापास करणारा मुलगा तो तुम्हीच का? म्हटलं, हो. मग विचारलं, लग्न झालं का? म्हटलं, थांबलंय. तर सगळे एकमेकांकडे बघून हसले. म्हणाले, या आता.”

मला हसू आवरेना. त्याला कळत नव्हतं की दोन्हीकडून दाब येणाऱ्या खुर्चीवर बसवायला त्या लोकांना नेमका कसा माणूस हवा होता. पत्र लगेच आलं. त्याने ते मला दाखवलं तेव्हा मला आनंद झाला आणि रागही आला. पिपेट धुवायला शिकवायचं मी, आणि न्यायला जीप येणार दुसऱ्यांची. माझ्या जागी असणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे येतं. चांगला मुलगा टिकत नाही, आणि टिकतो तो चांगला आहे की नाही याचा संशय राहतो. मी टिकले, तेव्हा हे मी स्वतःलाही धरून म्हणते आहे.

नोकरी लागली तरी लग्न अडलेलंच. सुबोध हट्टाने काही बोलायला जाईना, दत्तारामबाब हट्टाने काही विचारेनात. मधे एकटी सुषमा. ती रोज वरच्या वाड्यावरून डोक्यावर घागर आणायची. बापाने पाहावं अशाच वेळी आणायची. तोंडाने काही नाही. बालवाडीतल्या मुलांना वळण लावायची सवय, तीच घरात कामी आली असावी. पावसाळा तोंडावर आला तेव्हा एके दिवशी दत्तारामबाबांनी गवंड्याला बोलावलं. दोन नव्या खोल्यांचे संडास पाडले, खड्डा बुजवला, खालच्या अंगाला, बांयपासून पार लांब, नवा बांधला. बांय उपसली, ब्लीचिंग पावडर टाकली, परत उपसली. कोणी विचारलं तर सांगायचे, “जागा बरी दिसूक नाय म्हणान हलवलंय.”

पाऊस येऊन गेल्यावर ते आमच्याकडे आले. माझ्यापुढे बसले. सुबोध नव्हताच आता तिथे. तरी त्यांनी आधी इकडेतिकडे पाहून खात्री केली.

“बाय, पाणी परत बघूचां असा. पण तुम्ही स्वतः येवा. तेका नको.”

मी गेले. हरमलच्या त्या परसात माझ्यासमोर कोणी जमलं नाही. सुषमाने पाणी काढलं, मी बाटली भरली, दत्तारामबाब माडाला टेकून लांब उभे. दोन दिवसांनी माझ्या पेटीतल्या नळ्या जांभळ्या होत्या, अगदी पिकलेल्या जांभळासारख्या. मी रिपोर्ट डाकेने पाठवला नाही. घेऊनच गेले.

“पास,” म्हटलं.

दत्तारामबाबांनी कागद उलटसुलट पाहिला. “म्हणजे आमची बांय बरी?”

“बरी.”

“पयलीच बरी होती,” ते म्हणाले. मग आत बघून हाक मारली, “सुषमा, बायक चाय कर. आणि त्या तुझ्या शास्त्रज्ञाक निरोप धाड. म्हणा, भटजीक विचारूक जावचां असा.”

लग्न हरमललाच झालं, परसात मांडव घालून. दत्तारामबाबांनी प्रत्येक पाहुण्याला स्वतःच्या हाताने पाणी वाढलं आणि पिऊन होईपर्यंत समोर उभे राहिले. मला दोन पेले प्यावे लागले.

आता या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. सुबोध बंदरावरून पुढे मोठ्या पदावर गेला. पीएच.डी. राहिली ती राहिलीच. त्याच्या हाताखाली आता तरुण मुलं आहेत आणि तो त्यांना पिपेट धुवायला लावतो, असं ऐकते. सुषमा आता शाळेची मुख्याध्यापिका आहे. चवथीला, म्हणजे गणपतीत, ते सगळे हरमलला जमतात आणि मलाही आग्रहाने बोलावतात.

मागच्या चवथीला मी गेले होते. दत्तारामबाब आता खूप म्हातारे झाले आहेत, पण आवाज तोच. आरती झाली, पानं वाढली, आणि नव्या पाहुण्यांसमोर त्यांनी दरवर्षीची गोष्ट सुरू केली. जावयाने कसा दिवा पेटवला, कसा विझला, आणि ह्या दोघांनी मिळून चांगल्या बांयला कशी उगाच बदनाम केली. “ह्या बायन आणि ह्या जावयान माका संडास पाडूक लावले. अरे, आजपर्यंत ह्या पाण्यान कोणाक काय झालां? सांगा! माका काय झालां? शेजाऱ्यांच्या पोरांक काय झालां? सगळी बरी असत!” सगळे हसले. सुबोधही हसला आणि भात कालवू लागला.

निघताना मी त्याला अंगणात गाठलं. मला थोडा रागच आला होता. “अरे, त्यांना सांगत का नाहीस? खड्डा हलवला म्हणून कोणाला काही झालं नाही. आपल्या कामाचं हेच तर आहे. बरोबर झालं की काहीच घडत नाही, आणि मग लोक म्हणतात, काय घडलं होतं?”

सुबोधने ओसरीकडे पाहिलं. दत्तारामबाब तिथे बसून शेजारच्या घरातल्या एका नातवंडाला पेला भरून पाणी देत होते, आणि ते संपेपर्यंत बघत होते.

“म्हणू देत, मॅडम,” तो म्हणाला. “दर वर्षी असे ठणठणीत राहून ते मला खोटं ठरवतात. अजून पुष्कळ वर्षं ठरवू देत.”